भिरभिऱ्याने मासा धरण्याची शास्त्रोक्त पद्धत

न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या घराचे हप्ते सुरू झाले, गवत कापायचे यंत्र आले, मुले पोहण्याच्या क्लासला जाऊ लागली, की पुढचा विकार गळाचा. पहिल्या वर्षी तो गांडुळे वापरतो. एके दिवशी गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी सापडतो, घरात तातडीची बैठक होते आणि त्या बैठकीतल्या एकमुखी ठरावानंतर तो स्पिनरबेटकडे वळतो. प्रस्तुत मार्गदर्शन अशा विस्थापित उमेदवारांसाठी आहे.

उमेदवाराने आधी ही वस्तू नीट न्याहाळावी. मधोमध वाकवलेली पातळ तार, आकार उघड्या सेफ्टी पिनेसारखा. वरच्या टोकाला कडीत फिरणारे धातूचे इवलेसे पाते. खालच्या टोकाला रंगवलेले डोके, त्यातून निघालेला एकच गळ आणि त्या गळावर ओवलेले मऊ रबराचे अंग. या अंगाला बऱ्याचदा दोन शेपट्या असतात. त्या का, हे विचारू नये. छोट्या जातीचे वजन १/१६ ते १/८ औंस, म्हणजे पावणेदोन ते साडेतीन ग्रॅम. अशा रूपाचा एकही प्राणी कोणत्याही तळ्यात राहत नाही. तरीही मासा तिच्यावर झडप घालतो.

या चमत्काराचा इतिहास उमेदवाराला तोंडपाठ हवा, कारण मासा लागत नाही त्या वेळात काठावर बोलायला काहीतरी लागते. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूल या गृहस्थाने पाण्यात फिरणाऱ्या धातूच्या आमिषाचे पेटंट १८५२ साली घेतले. होडीत बसून जेवताना त्याच्या हातातला चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो पकडला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, जेवताना चमचा हातातून पडणे ही गोष्ट आपल्याकडे रोज घडते आणि त्याचे पेटंट कोणी घेत नाही.

पुढचा अध्याय फ्रान्सचा. आंद्रे म्यूल्नार या अभियंत्याने १९३८ साली तारेभोवती गरगरणाऱ्या पात्याचे आमिष, म्हणजे स्पिनर, काढले आणि त्यातून ‘मेप्स’ ही कंपनी उभी राहिली. हे नाव लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरे जोडून झाले आहे. त्याचा अर्थ साधारण ‘क्रीडामासेमारीसाठी अचूक यंत्रे बनवणारे’ असा होतो. युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाने असा एक स्पिनर विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावच्या टॉड शेल्डन या दुकानदाराला दिले. १९५१ साली वुल्फ नदीवर शेल्डनला त्यावर एकामागून एक ट्राउट लागले आणि तो हा माल मागवू लागला. कंपनी स्वतःच सांगते, की सुरुवातीला फ्रान्समधली एक बाई नायलॉनच्या मोज्यांच्या बदल्यात स्पिनर पाठवीत असे. पुढे बाईंकडे मोजे पुरून उरले आणि शेल्डनला थेट कारखान्याशी व्यवहार करावा लागला. याच कंपनीच्या गळांवर खारीच्या शेपटीचे केस बांधलेले असतात. त्या शेपट्या ती शिकाऱ्यांकडून विकत घेते आणि केवळ शेपटीसाठी खार मारू नका, असेही बजावते.

म्यूल्नारच्या स्पिनरमध्ये पाते आणि गळ एकाच सरळ तारेवर असतात. अशा आमिषाने दोरीला पीळ पडतो. संध्याकाळपर्यंत रिळावर जो गुंता तयार होतो तो सोडवताना भल्याभल्यांचे कुलदैवत आठवून होते. त्यासाठी मध्ये फिरती कडी बांधावी. सेफ्टी पिनेच्या घाटाच्या स्पिनरबेटला हा त्रास कमी. शिवाय त्याची वरची तार गळाच्या पुढे आडवी येते, म्हणून ते गवतातून आणि बुडालेल्या फांद्यांमधून बऱ्यापैकी सुखरूप बाहेर येते. नवशिक्याने म्हणूनच हे घ्यावे.

आता खरेदी. उमेदवार दुकानात एक आमिष घ्यायला जातो आणि चाळीस कप्प्यांची पेटी घेऊन येतो. दुकानात लटकवलेल्या रंगांचा प्रमुख उद्देश माणूस धरणे हा असून त्यात ते कधी अपयशी ठरत नाहीत. नितळ पाण्यात आणि उन्हात चंदेरी पाते, गढूळ पाण्यात सोनेरी, अंग पांढरे किंवा पोपटी: एवढ्या माहितीवर एक उन्हाळा सहज निघतो. पात्याचा आकार मात्र खरोखर महत्त्वाचा. विलोच्या पानासारखे लांबट पाते वेगात फिरते आणि जास्त चमकते. ‘कोलोरॅडो’ नावाचे गोलसर पाते जास्त पाणी ढकलते, हळू ओढले तरी फिरते आणि ठोके देते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा नावाचे इंद्रिय असते. पाण्यातली हालचाल त्याला तिच्यावर जाणवते. म्हणून गढूळ पाण्यातही त्याला या ठोक्यांचा पत्ता लागतो. छोट्या तळ्यासाठी गोल पाते घ्यावे आणि दुकानातून पाठ न वळवता, उलट्या पावलांनी बाहेर पडावे.

रॉड हलका, साडेपाच-सहा फुटी. दोरी चार ते सहा पौंडी. जाड दोरीवर दोन ग्रॅमचा ऐवज भिरकावला तर तो उमेदवाराच्याच बुटाजवळ पडतो.

मिडलसेक्स काउंटीतल्या फॅरिंग्टन तळ्यासारख्या ठिकाणी मोकळ्या पाण्याच्या मधोमध गळ टाकणे म्हणजे निव्वळ हाताचा व्यायाम. गवताची कड, पडलेले झाड, पुलाची सावली असे काही शोधावे आणि त्याच्या पलीकडे फेकावे. आमिष पाण्याला लागले की मनात आकडे मोजावेत. सहाला तळ लागला तर पुढच्या खेपेस पाचला रीळ फिरवायला घ्यावे. आणि मग हळू. आणखी हळू. पाते जेमतेम फिरेल एवढेच. रॉडच्या टोकाला बारीक थरथर दिसते. ती थांबली की वेग कमी पडला किंवा पात्यात शेवाळ अडकले. मध्येच क्षणभर थांबावे: आमिष खाली जाते, पाते गिरक्या घेत राहते आणि मासा बहुधा तेव्हाच येतो. सारे कौशल्य इथे आहे आणि ते फुकट आहे, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. आयुष्यभर मुदतीआधी काम उरकणाऱ्या माणसाला सर्वांत जड जाते ते हे हळू गुंडाळणेच.

थरथर अचानक थांबून ओढ लागली तर आरडाओरडा न करता रॉड नुसता वर उचलावा. क्रॅपी नावाच्या माशाच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते, की जोराच्या हिसक्याने ती फाटते आणि मासा निघून जातो. ब्लूगिलचे तोंड लहान. तो रबराचे अंग मागून कुरतडतो. दोन शेपट्यांपैकी एकच परत आली तर साहेब येऊन गेले असे समजावे. चेन पिकरेल लांबट आणि दातेरी असतो. तो आमिष, दोरीचा तुकडा आणि उमेदवाराचा आत्मविश्वास एकदमच घेऊन जातो.

लार्जमाउथ बास लागला तर आधी तारीख पाहावी. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून हा बासच्या विणीचा काळ धरतात आणि या काळात धरलेला बास लगेच पाण्यात सोडावा लागतो. गावाहून सहा महिन्यांसाठी आलेल्या मालवणी काकांसमोर हे करणे अवघड असते. पुतण्या हात ओले करतो, गळ चिमट्याने काढतो, बासला दोन्ही हातांत धरून हळूच पाण्यात सोडतो. काका स्तब्ध उभे असतात.

“सोडूचो होतो तर धरलंस कित्याक रे?”

“काका, इथला नियम आहे.”

“मगे गावाक सांगतलंस काय?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शनात नाही. फोटो काढून ठेवावा आणि लांबी सांगताना काकांचे हात किती फाकतात यात लक्ष घालू नये. चिमटा आठवणीने न्यावा, गळाचा काटा आधीच चेपून ठेवावा म्हणजे सोडणे सोपे जाते. तुटलेली दोरी काठावर टाकू नये. तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

राहता राहिला परवाना. न्यू जर्सीत गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला तो लागतो; ट्राउट धरायचे तर वेगळे तिकीट. सत्तरी उलटलेल्यांना माफी आहे, हे कळताच काका रॉड हातात घेतात. पण ही माफी फक्त राज्याच्या रहिवाशांना आहे. बाहेरून आलेल्यांसाठी सात दिवसांचा स्वतंत्र परवाना मिळतो. काकांना तळ्यावर न्यायचे असेल तर तो आदल्या रात्रीच काढून ठेवावा.