शरदकाका आणि शेलारमामा

प्रेशर उतरायच्या आत कुकरचं झाकण उघडायला जाणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या शेजारच्या समीरच्या घरात ते म्हणजे त्याचे वडील, शरदकाका. विरजण लागलं का ते बघायला तासातासाने भांडं हलवणार, नुकत्याच डोळा लागलेल्या माणसाला ‘झोप लागली का रे?’ म्हणून विचारणार, आणि सुतार, प्लंबर, भटजी यांच्यापैकी कोणीही घरात काम करत असलं की मागून वाकून ‘असं नव्हे, असं’ म्हणणार. कारखाना निरीक्षक म्हणून सरकारने त्यांना हयातभर पगार दिला. दिला नसता तरी ते लोकांच्या कारखान्यांत शिरून यंत्राच्या पट्ट्याला जाळी आहे का, हे हलवून बघत फिरलेच असते.

डोंबिवलीत त्यांचं बरं चालतं. सोसायटीची टाकी आहे, लिफ्ट आहे, वॉचमन आहे. पंचाईत होते ती समीरकडे आल्यावर. काका-काकू सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत एडिसनला येतात, आणि इथे लक्ष घालायला काही मिळतच नाही. हिरवळ कापायला येणारा माणूस कानांवर झाकणं लावून येतो. कचऱ्याची गाडी स्वतःचा लोखंडी हात काढून डबा उचलते, तिला ‘जरा डावीकडून घे’ म्हणण्यात अर्थ नसतो. मग काका दिवसभर घरातल्या थर्मोस्टॅटपाशी येरझारा घालतात. गौरी, म्हणजे सून, तो ७२ वर ठेवते. काका ७८ वर नेतात. या विषयावर त्या घरात कोणी काही बोलत नाही. फक्त आकडा बदलत राहतो.

अशा परिस्थितीत जुलैमध्ये ही मंडळी वाइल्डवुडच्या समुद्रावर गेली आणि येताना आरवने, म्हणजे नातवाने, एक शंखखेकडा आणला.

जर्सीच्या किनाऱ्यावरच्या फळकुटांच्या रस्त्यावर हे खेकडे पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात. तारेचा छोटा पिंजरा, शंखावर रंगवलेला स्पायडरमॅन, आत ओला स्पंज आणि गोळ्यांची पुडी. पिंजरा घेतला तर खेकडा फुकट, असंही असतं. याच किनाऱ्यावर ओशन सिटीत उन्हाळ्यात त्यांची सौंदर्यस्पर्धा भरवायचीही प्रथा आहे, खेकड्यांना सजवूनबिजवून. दुकानातल्या पोराने सांगितलं, याला काही लागत नाही, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. ‘काही लागत नाही’ हे शब्द शरदकाकांच्या कानावर पडले तिथेच त्या खेकड्याचं भवितव्य ठरलं.

आरवने त्याचं नाव ठेवलं शेल्डन. काकांच्या जिभेवर त्याचा शेलारमामा व्हायला वेळ लागला नाही. काकू वेंगुर्ल्याच्या. त्यांनी चष्मा वर करून पिंजऱ्यात एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढ्याशा कुर्लीचं वाटीभर सारही व्हायचं नाही. आणलीत कशाला?”

काकांनी मात्र पहिल्याच आठवड्यात गावच्या लायब्ररीतली खेकड्यांची पुस्तकं संपवली आणि सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर बसवून परिस्थितीचं गांभीर्य समजावून दिलं. हा जीव राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो कल्ल्यांनी. कल्ले ओलसर राहिले तरच हवा आत जाते. तारेच्या पिंजऱ्यात, वर एसीची कोरडी हवा, म्हणजे तो हळूहळू गुदमरतो, आणि मरायला आठवडेच्या आठवडे घेतो. त्यामुळे दुकानदाराला ‘आमच्याकडे होता तेव्हा तर ठणठणीत होता’ म्हणता येतं. हवेत ओलावा पाऊणशे ते पंच्याऐंशी टक्के हवा, उष्णता ७५ ते ८५ फॅरनहाइट. एवढं बोलून काका उठले आणि सर्वांच्या देखत थर्मोस्टॅट ८० वर नेऊन ठेवला. स्वतःसाठी जे मागून मिळालं नव्हतं ते त्यांनी शेलारमामाच्या नावावर मिळवलं. गौरी हुशार. दुसऱ्याच दिवशी तिने काचेची टाकी, झाकण आणि मागच्या काचेला चिकटवायची उष्णतेची पट्टी आणली आणि आकडा मुकाट्याने परत ७२ वर गेला.

टाकी आली आणि काकांना नोकरी लागली. ओलावा मोजायचं यंत्र आणलं. त्यावर विश्वास बसेना म्हणून दुसरं आणलं. दोघांत सहा टक्क्यांचा फरक निघाला, तेव्हा निवाडा करायला तिसरं. वाळू आणि नारळाचा भुसा पाचास एक या प्रमाणात कालवला, मुठीत दाबला तर किल्ला उभा राहील इतपतच ओला. खोली किती? सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, आणि सहा इंचांपेक्षा कमी तर नाहीच. काकांनी नऊ इंच भरली. स्पायडरमॅनच्या शंखाचा रंग पोपडे होऊन पोटात जातो म्हणून साधे, न रंगवलेले शंख मागवले, आणि मामाचा डावा मोठा नांगा त्या शंखाच्या तोंडाला झाकणासारखा बसतो की नाही हे ठरवायला व्हर्नियर कॅलिपर. मामा आणि कॅलिपर यांची गाठ पडल्यावर काकांचं बोट दोन दिवस पट्टीत होतं.

शंखांच्या बाबतीत मात्र काका खरोखर रंगात यायचे. “अरे, हे म्हणजे आमच्या गिरगावातल्या पागडीच्या खोल्यांसारखं,” ते मला कुंपणावरून सांगत. “किनाऱ्यावर एक मोठा शंख मोकळा झाला की सगळे खेकडे उंचीप्रमाणे रांग लावतात. पहिला मोठ्या शंखात गेला की दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. अर्ध्या मिनिटात सगळ्यांचं बिऱ्हाड बदललेलं. ना स्टँप ड्यूटी, ना सोसायटीचं ना-हरकत!” यावर इथल्याच लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर आयव्हन चेज नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अभ्यास केला होता, खेकड्यांची घरं आणि माणसांची घरं एकाच तऱ्हेने हातोहात जातात असा. काकांना हे कळल्यावर अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत बरंच सुधारलं.

पाण्यावरून मात्र घरात तेढ झाली. मामाला दोन वाट्या लागतात, एक गोडं पाणी आणि एक खारं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांना बाधतो. काकूंनी डोंबिवलीच्या सवयीने पाणी उकळून गार करून दिलं आणि खाऱ्या वाटीत घरचं आयोडीनवालं मीठ टाकलं. काकांनी दोन्ही ओतून टाकलं. क्लोरीन मारायचे थेंब आणले, मत्स्यालयाचं समुद्री मीठ आणलं. पण त्याच माणसाने एके सकाळी स्वतःच्या तांब्याच्या भांड्यातलं, रात्रभर ठेवलेलं, ‘वातपित्तकफ तिन्हीला चांगलं’ असं पाणी प्रेमाने मामाच्या वाटीत ओतलं. आरव किंचाळला. तांबं खेकड्यांना विष असतं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायचं काम तांबंच करतं. तेव्हापासून वाट्या आरवच्या ताब्यात गेल्या. खाण्याचं खातं काकूंकडे आलं. ‘सार होणार नाही’ म्हणणारी ही बाई रोज ओल्या खोबऱ्याचा एक काप, अंड्याच्या टरफलाची पूड आणि शुक्रवारी बिनमिठाची उकडलेली कोळंबी टाकीत ठेवू लागली. मामा उजव्या बारक्या नांग्याने खोबऱ्याचा कण तोडून तोंडाशी नेई आणि पुढच्या मिशा एकसारख्या हलवी. काकू म्हणत, “खातो मात्र नीट हो. सांडत नाही.”

ऑगस्ट संपता संपता मामा बिघडला.

निदान काकांचं मत तसं होतं. अंगाचा लालसर रंग जाऊन राखेसारखा झाला. डोळ्यांवर साय आल्यासारखी. मिशा थंड. दिवसभर खाऱ्या वाटीत बसून राहायचा आणि रात्री कोपऱ्यात वाळू उकरायचा. अशक्तपणा आहे, असं काकांनी जाहीर केलं. हळद द्यावी का, असाही विचार झाला. शेवटी त्याला घेऊन सगळे विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ज्याची किंमत पिंजऱ्यात वळती झाली होती, त्याच्या तपासणीची फी ऐकून समीरला बसावं लागलं.

बाईंनी मामाला पालथा करून पाहिलं. शंखातल्या मऊ पोटावर डाव्या बाजूला पाण्याचा फुगा धरलेला होता. तो आजारी नाही, म्हणाल्या; कात टाकायला निघालाय. वरचं कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो. म्हणून जुनं कवच उतरवायचं, त्याआधी पाणी आणि चरबी साठवून घ्यायची, खोल वाळूत बीळ करून बसायचं. उतरवलेलं कवच तो स्वतःच खातो, त्यातल्या कॅल्शियमवर नवं टणक होतं. तुटलेला पायसुद्धा यात परत फुटतो. खरा आजारी खेकडा वेगळा दिसतो: तो वरच पडून राहतो, हात लावला तरी शंखात शिरत नाही, पाय गाळतो, कधी शंख सोडून उघडाच बाहेर येतो. त्याला कुणी काही करायच्या आत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

“औषध?” काकांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग पथ्य?”

“हात लावायचा नाही.”

“कोणी?”

बाईंनी क्षणभर काकांकडे पाहिलं. “तुम्ही,” म्हणाल्या.

त्या रात्री मामा वाळूत गेला तो गेलाच. लहान खेकडा महिन्याभरात वर येतो, मोठ्याला दोन महिने किंवा जास्तही लागतात. मधे कुणी उकरलं तर बीळ ढासळतं आणि आतला लोण्यासारखा मऊ जीव जातो. म्हणून आरवने टाकीवर कागद चिकटवला: ‘खोदकाम सक्त मना’. मराठी शाळेत शिकलेलं त्याचं हे पहिलं व्यावहारिक लेखन. खाली लाल शाईने आजोबांचं नावही घातलं होतं. बॅटरी काढून घेण्यात आली, कारण कात टाकताना काळोख लागतो. काटेचमचे ओट्यावरच्या बंद कपाटात गेले.

आता मी पाहिलेले शरदकाका हे असे: टाकीसमोर खुर्ची, मांडीवर वही, समोर नऊ इंच वाळू. वहीत रकाने: तापमान, ओलावा, वास, हालचाल, शेरा. ‘७९. ८१. नाही. नाही. काही दिसत नाही.’ दुसऱ्या दिवशी परत तेच. वासाचा रकाना महत्त्वाचा, कारण खेकडा मेला की कुजक्या मासळीचा असा वास सुटतो की शंकेला जागा राहत नाही; वास नाही म्हणजे जिवंत आहे असं धरून चालायचं. रोज सकाळी आंघोळ, देवपूजा आणि मग झाकण किलकिलं करून दीर्घ श्वास, असा क्रम होता.

गणपतीनंतरच्या एका बुधवारी काकूंनी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून सुके बोंबील आणले. काका दुपारी वर झोपले होते. काकूंनी तव्यावर तेल टाकलं, बोंबील टाकले. अमेरिकेतल्या घराला बोंबलाची सवय नसते; छताचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. त्या आवाजाने काका उठले आणि नाकात पहिला वास शिरला तो तो. जिन्यावरून ते ज्या वेगाने उतरले तो वेग त्यांनी कारखान्यांत आग लागल्यावरही दाखवला नसेल.

“गेला! शेलारमामा गेला!”

मी धावत गेलो तेव्हा काका टाकीचं झाकण हातात घेऊन उभे होते, काकू उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या, आणि आरव दोघांच्या मधे कागदाच्या पाटीसमोर हात पसरून.

“अहो, बोंबील आहेत ते!” काकू ओरडल्या. “मेलेलेच आणले होते!”

काकांनी टाकीत नाक घालून बराच वेळ हुंगलं. मग वही उघडून त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘बाहेरचा वास.’ जेवायला बसल्यावर त्यांनी बोंबलाला हात लावला नाही. रात्री उशिरा मात्र ताटलीतले दोन कमी झाले होते, असं गौरीचं म्हणणं.

ऑक्टोबर आला आणि काकांची खरी परीक्षा सुरू झाली. आय-९४ वरची तारीख जवळ आली, तिकिटं ठरलेली, आणि मामा अजून खालीच. एका संध्याकाळी काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुदत वाढवून घ्यायचा तो फॉर्म असतो ना, आय-५३९, त्यात कारण काय लिहायचं असतं? मी म्हटलं, आजारपण वगैरे चालतं. “कुणाचं?” त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. समीरला कळलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, “बाबा, माझ्या बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही नागपूरला तपासणीला होता.” फॉर्मचा विषय तिथेच मिटला.

विमानतळावर निघताना काकांनी आरवच्या हातात वही दिली, पुढचे रकाने आखून. फ्लोरिडात एका बाईंकडे असलाच खेकडा चाळीस वर्षांहून जास्त जगला, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. त्या हिशेबाने त्यांनी पानं आखली होती की काय, कोण जाणे. वही जाडजूड होती.

तिकडून मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. डोंबिवलीत सकाळी चहाच्या वेळी, म्हणजे आमच्याकडे रात्री जेवणं उरकल्यावर. “आरव, फोन खाली धर. वाळू दाखव. अजून खाली. हं.” मग दोन्ही खंडांत शांतता. शेजारी काकू कपाळाला हात लावून बसलेल्या दिसत.

दिवाळी होऊन गेली आणि एका रात्री गौरीने मला हाक मारली. कोपऱ्यातली वाळू फुगून आली होती. मामा वर आला होता. राखेचा मागमूस नाही. अंग लालबुंद, डावा नांगा जांभळा आणि काचेसारखा चकचकीत, पायांची नखं नवीकोरी काळी, टोकदार. चांगला वाढला होता, इतका की थोड्या वेळाने रिकाम्या शंखांपाशी गेला, एकेकात नांगा घालून चाचपला, आणि काकांनी कॅलिपरने मोजून ‘मोठा पडेल’ म्हणून बाजूला ठेवलेल्या शंखात एका झटक्यात शिरून बसला. व्यवस्थित बसला.

आरवने लगेच डोंबिवलीला फोन लावला आणि पडदा टाकीच्या काचेला टेकवला. काका चष्मा लावून, मग काढून, मग परत लावून बघत राहिले. मामानेही मिशा हलवल्या.

“गौरी,” शेवटी काका म्हणाले, “हा वाळलाय गं. घालता ना त्याला खायला?”