ॲम्प्लिफायर बदलण्याआधी पडदे लावा

बदलापूर-अंबरनाथला नवा फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये एक टाळी वाजवा. मग ताब्यात मिळणाऱ्या रिकाम्या फ्लॅटमध्ये वाजवा. पहिल्यात टाळी जागच्या जागी संपते. दुसऱ्यात ती भिंतीभिंतींत झणझणत राहते. सॅम्पल फ्लॅटमध्ये जाड पडदे असतात, गालिचा असतो, कापडी सोफा आणि उशांचा ढीग असतो. आपल्या हाती येतात व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेचे स्लायडिंग दरवाजे, पीओपीचं सीलिंग आणि हॉलला थेट जोडलेलं ओपन किचन, त्यात ग्रॅनाइटचा ओटा.

अशा घरात लोक हौसेनं चांगले स्पीकर आणतात. आठवडाभरात तक्रार सुरू होते: आवाज टोचतो. गायिकेचा प्रत्येक ‘स’ फिस्कारतो, टाळ-झांजा कानात घुसतात, तानपुऱ्याची जवारी नुसती किणकिण होते. मग स्पीकर बदलतात, ॲम्प्लिफायर बदलतात, महागडी केबल घेतात. टोचणं तसंच राहतं, कारण ते घरातून येतंय.

कारण सरळ आहे. खिडकीची साधी काच खर्जातल्या आवाजाचा साधारण तिसरा हिस्सा शोषते. ४००० हर्ट्झच्या तीव्र आवाजाचे जेमतेम चार टक्के. पीओपीचं पातळ सीलिंगही तेच करतं: खर्ज खातं, तीव्र स्वर परत फेकतं. टाइल्स तर काहीच खात नाहीत. म्हणजे घर खालचे स्वर गिळतं आणि वरचे तुमच्या अंगावर टाकतं. त्यात आपला कान नेमका २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट. स्पीकर बिचारा जे द्यायचं ते नीट देतोय.

जाड, चुणीदार पडदा बरोबर याच्या उलट वागतो. खर्ज फारसा अडवत नाही, पण ४००० हर्ट्झला साठ-पासष्ट टक्के आवाज पिऊन टाकतो. काचेवरचा उतारा काचेसमोरच टांगायचा आहे.

हे शास्त्र सव्वाशे वर्षांचं आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वर्गात काही कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि स्टॉपवॉच लावून घुमणं मोजलं. गाद्या वाढल्या तसं घुमणं घटलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीतलं एकूण शोषण.

आपल्या घराचा हिशेब करू. हॉल, जेवणाची जागा आणि ओपन किचन मिळून ३० चौरस मीटर, उंची २.८ मीटर, घनफळ ८४ घनमीटर. टाइल्स, रंगवलेल्या भिंती, एक रेक्झिनचा सोफा आणि घरातली माणसं धरून शोषण साधारण ८ चौरस मीटर. घुमणं आलं १.७ सेकंद. संगीतासाठी घरात ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं. म्हणजे शोषण तिप्पट करायचं. केवढी मोठी गोष्ट वाटते! दहा चौरस मीटर जाड पडद्यांतून ६ मिळतात, मोठ्या गालिच्यातून ३, कापडी सोफा आणि गाद्या-उशांतून ३, भिंतीवरच्या सहा पॅनेलमधून ४. झाले २४. घुमणं ०.५६ सेकंद. यात एकही नवं यंत्र विकत घेतलेलं नाही.

आणि यातली एकही वस्तू मुंबईला जाऊन आणायची नाही. १९४९ साली ज्या निर्वासितांच्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं, तिथल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून कापडाचा आणि फर्निचरचा बाजार उभा केला. गजानन मार्केट आणि जपानी बाजारात पडद्याचं कापड हाताने तोलून घ्या. जड घ्या. पडद्याची रुंदी खिडकीच्या दुप्पट ठेवा, चुण्या पडल्या पाहिजेत. सोफा घेताना दुकानदार रेक्झिन पुढे करील, पुसायला सोपं म्हणून. कापडीच मागा. परीक्षा सोपी आहे: कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली तर आवाजही आत जाईल. रेक्झिनमधून हवा जात नाही, म्हणून तीव्र आवाज त्यावरून उलटा फिरतो.

पॅनेलसाठी तर उल्हासनगरसारखं गाव नाही. इथे जीन्स शिवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या चिंध्यांचे ढीग आहेत. अमेरिकेत जुन्या डेनिमचा पिंजलेला कापूस घरांच्या भिंतींत भरतात; आवाज शोषायला तो उत्तम. आपण तीच चिंधी कचऱ्यात टाकतो. सुताराकडून दोन बाय चार फुटांची, तीन-चार इंच खोल चौकट करून घ्या. चिंध्या पिंजून सैलसर भरा, पुढून मोकळ्या विणीचं कापड ताणा, भिंतीपासून दोन इंच अंतर सोडून टांगा. मागच्या पोकळीमुळे पॅनेल आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचतं. फक्त गॅसच्या शेगडीजवळ यातलं काही लावू नका. उल्हासनगरच्या एखाद्या कारखानदाराने ही पॅनेल तयार विकायला घेतली, तर चिंधीलाही भाव येईल आणि घरांनाही आराम.

पॅनेल कुठे लावायचं? घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. ऐकण्याच्या जागेवर बसून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथे पॅनेल. त्या जागेवरून उसळलेला आवाज मूळ आवाजामागून चार-पाच हजारांश सेकंदांत कानावर आदळतो आणि सगळं खरखरीत करतो.

ओपन किचनची अडचण वेगळी. एका स्पीकरशेजारी भिंत आणि दुसऱ्याशेजारी मोकळं स्वयंपाकघर, म्हणून गाणं एका बाजूला झुकतं. भिंतीकडे पॅनेल लावलंत की तोल बराच सावरतो. हॉल आणि किचनच्या मध्ये छतावर पट्टी टाकून जाड पडदा सोडा. ऐकताना ओढा, एरवी बाजूला सारा. स्पीकरची तोंडं थेट कानांवर रोखली असतील तर थोडी बाहेर वळवा, तीव्र स्वरांची धार लगेच कमी होते. ट्रेबलचं बटण शेवटी. ते स्पीकरमधून थेट येणारा चांगला आवाजही मंदावतं आणि घुमणं तसंच ठेवतं.

सगळ्याच भिंती मऊ करू नका. सगळं शोषलं की गाणं मरगळतं; थोडा आवाज विखरून परत यायला हवा. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. तिथला दगड टाइलइतकाच टणक, पण इंचभरही सपाट ठेवलेला नाही. अशा कोरीव खाचाखोचांवर आदळलेला तीव्र आवाज एका दिशेने परत न येता विखुरतो. घरात हे काम पुस्तकांचं कपाट करतं. पुस्तकं मागेपुढे, उंचसखल ठेवा. ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला याहून चांगला इलाज नाही.

अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा स्वस्त फोम मात्र घरात आणू नका. इंचभर फोम फक्त वरचे स्वर खातो, मधले आणि खालचे तसेच ठेवतो. तो पेटतोही झटकन. बदलापूरच्या पावसाळ्यात भिंत ओलावली की त्याच्या मागे बुरशी धरते. पडदा धुता येतो, गालिचा उन्हात टाकता येतो. इथल्या हवेत हाच निकष.

हा केवळ शौकिनांचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. ज्या घरात गाणं टोचतं, त्याच घरात माणसांचं बोलणंही कळत नाही. आजीला टीव्हीवरचे संवाद समजत नाहीत म्हणून आवाज वाढवतात; आवाज वाढला की घुमणंही तेवढंच वाढतं आणि शब्द पुसटच राहतात. श्रवणयंत्र लावणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. किचनमधलं भांडं, मिक्सर, मुलाचा अभ्यास, फोनवरचं बोलणं, सगळं एकाच खोलीत एकमेकांवर आपटतं. कल्याणपुढच्या लोकलमध्ये रोज दोन-तीन तास लोखंडाचा खडखडाट सोसून आलेल्या माणसाला घरात तरी कानाला विसावा मिळाला पाहिजे.

बिल्डरांनी सॅम्पल फ्लॅटच्या दारावर स्पष्ट लिहावं की आतली शांतता किमतीत धरलेली नाही. इंटिरियरवाल्यांनी चकचकीत लॅमिनेटच्या आधी कापडाचे नमुने उघडावेत. आणि तुम्ही खर्चाचा क्रम बदला: आधी पडदे, मग गालिचा, मग पॅनेल, मग स्पीकरची जागा. एवढं करूनही टोचलं, तरच नवा ॲम्प्लिफायर बघायला जा. बहुतेकांना जावं लागणार नाही.