पिसू? आमच्याकडे?

आमच्या सोसायटीतल्या अण्णांनी तेहेतीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढली. दुसऱ्यांच्या वह्यांतली खाडाखोड शोधण्यात हयात गेलेला माणूस निवृत्तीनंतर करणार काय? पहिली दोन वर्षं त्यांनी सोसायटीचे हिशेब तपासले. त्या दोन वर्षांत तीन खजिनदार झाले. मग मुलगा बदली होऊन बंगळुरूला गेला आणि जाताना ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर मागे ठेवून गेला. पुढच्या पावसाळ्यात ब्रूनो खाजवू लागला, आणि अण्णांना बऱ्याच दिवसांनी एक प्रकरण मिळालं.

पहिल्याच संध्याकाळी काकू मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "पिसवा झाल्या असतील."

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू मुलाच्या लग्नाच्या बैठकीत काकूंनी घरावरच्या कर्जाचा विषय काढला असावा. "पिसवा? आपल्याकडे?"

त्यांचं चूक नव्हतं. आपल्यात रोगांचीही उतरंड असते. ॲलर्जी म्हटलं की कुत्रा नाजूक, चोखंदळ, चांगल्या घरातला वाटतो. पिसू म्हटलं की गोठा आठवतो. एसीत झोपणाऱ्या, शंभर रुपयांच्या च्यूइंग स्टिकने दात घासणाऱ्या ब्रूनोला पिसू होणं हे अण्णांच्या दृष्टीने घराण्याला बट्टा लावणारं होतं. काकूंचा अर्ज जागीच फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. रकाने आखले गेले: तारीख, वेळ, हवामान, आहार, खाजवण्याची संख्या, शेरा. "७.१० ते ७.४०, ढगाळ, २३ वेळा" अशा नोंदी पडू लागल्या. मी सकाळी पेपर मागायला गेलो की अण्णा बोट वर करून मला थांबवायचे. मोजणी चालू असायची. ब्रूनोही बिचारा कुणीतरी आपल्याकडे इतक्या लक्षपूर्वक बघतंय म्हणून आणखी दोनदा खाजवायचा.

पहिला संशय मावशींच्या फिनाईलवर गेला. मावशींनी बादली तिथेच ठेवली आणि "मग कुत्र्यालाच सांगा लादी पुसायला" असं म्हणून दोन दिवस दांडी मारली. त्यानंतर पाळी आली शेजारच्या धूपाची. पुढे गादीत धुळीचे सूक्ष्म किडे असतात हे अण्णांना कळलं (असतात, आणि बऱ्याच कुत्र्यांना त्यांचं वावडंही असतं), तेव्हा ऐन जुलैत घरातल्या सगळ्या गाद्या उन्हाच्या आशेने गच्चीत गेल्या. ऊन आलं नाही. पाऊस आला.

मग गाजरगवत. इथे मात्र अण्णांची बुद्धी खरी तळपली. भारतात या गवताची पहिली नोंद झाली ती आपल्या पुण्यातच, १९५० च्या दशकात. माणसांच्या अंगाला त्याने खाज सुटते हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे, आणि कुत्र्याची कातडी काही वेगळ्या मातीची नाही. अण्णांनी मागच्या मोकळ्या प्लॉटमधलं गाजरगवत स्वतः उपटलं. आठवडाभर त्यांचे दोन्ही हात लाल होते. ब्रूनो २३ वरून २६ वर गेला.

शेवटी आहार. अन्नाची ॲलर्जी ओळखायची रीत सोपी आहे, पण तिला संयम लागतो. कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लं नाही असं एकच मांस-मासळी निवडायचं, आठ आठवडे त्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन ती परत येते का ते पाहायचं. अण्णांनी चिकन बंद करून बांगडा सुरू केला. काकूंनी ओट्यावर बांगडा चढू दिला नाही, म्हणून गॅलरीत शेगडी मांडली आणि दोन्ही विंगांतल्या मांजरांना पत्ता कळला. त्याच दिवशी अण्णांनी शाम्पू बदलला, त्याच दिवशी खोबरेल तेल चालू केलं, आणि त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून ब्रूनोला एक इंजेक्शनही देऊन आणलं. खाज थांबली! अण्णांनी बांगड्याचा जयजयकार केला. तीन आठवड्यांनी स्टेरॉइडचा असर उतरला आणि बांगड्याचाही. शिवाय या सगळ्या काळात संध्याकाळच्या चहाबरोबर ब्रूनोला एक ग्लुकोजचं बिस्किट मिळत होतंच. "ते आहारात येत नाही," अण्णा म्हणाले, "ती सवय आहे."

मग रक्ततपासणी झाली. रिपोर्टात चिकन, तांदूळ, बटाटा, गहू आणि अंडं असे पाच आरोपी सापडले. अण्णांनी तो लॅमिनेट करून घेतला.

तो लॅमिनेट केलेला कागद, वही आणि ब्रूनो यांना घेऊन आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी गाडी चालवायला होतो, काकू मागे. पंचविशी-तिशीची मुलगी. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, असं सांगून तिने रिपोर्ट बाजूला ठेवला. वही मात्र कौतुकाने चाळली. मग विचारलं,

"काका, खाजवतो कुठे?"

अण्णांनी पानं उलटली. पुढची उलटली, मागची उलटली. केव्हा होतं, किती होतं, हवेतली आर्द्रता होती, एका ठिकाणी अमावास्याही होती. 'कुठे' हा रकानाच नव्हता.

"शेपटीच्या मुळाशी," मागून काकू म्हणाल्या. "आणि मांड्यांच्या मागे."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. पंजे चाटत असता, कान खाजवत असता, तर तिने परागकण आणि धूळ यांचा विचार आधी केला असता. कमरेच्या मागचा भाग म्हणजे पहिला संशय एकावरच. तिने बारीक दातांची फणी शेपटीजवळून फिरवली. मिरपुडीसारखे काळे कण निघाले.

"माती आहे ती," अण्णा घाईने म्हणाले.

तिने ते कण ओल्या कापसावर ठेवून दाबले. कापूस तांबडा झाला. "माती अशी होत नाही, काका. पिसवेने रक्त पिऊन टाकलेली विष्ठा आहे ही."

"पण एकही पिसू दिसली नाही!"

"खाज असलेला कुत्रा चाटून-चावून त्या गिळून टाकतो. आणि अशा कुत्र्यांना ढीगभर पिसवा लागतच नाहीत. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असली की एखाददुसरा चावाही पुरतो."

अण्णा सावरून बसले. "म्हणजे ॲलर्जीच आहे ना?"

"हो, तशी ॲलर्जीच."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं.

बाईंनी दर महिन्याची गोळी लिहून दिली आणि घराबद्दल सांगितलं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पूर्ण वाढलेल्या पिसवा म्हणजे पाचेक टक्के. बाकीचा कुटुंबकबिला अंडी, अळ्या आणि कोश होऊन गालिच्यात, अंथरुणात, फटींत बसलेला असतो.

"म्हणजे पंच्याण्णव टक्के मालमत्ता बेहिशेबी!" अण्णा म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत तेज आलं होतं. गरम पाण्यात चादरी धुवा, रोज व्हॅक्यूम फिरवा, कोशातल्या उशिरा निघतात म्हणून तीन महिने दम धरा, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं. जाता जाता बाईंनी सांगितलं की कुत्र्यांवर जगभर सगळ्यात जास्त सापडणारी पिसू मुळात मांजराची पिसू म्हणून ओळखली जाते. एवढं वाक्य अण्णांना पुरलं. ब्रूनोची पिसू ब्रूनोची नव्हतीच! संध्याकाळपर्यंत बी विंगेतल्या मांजराविरुद्ध सोसायटीकडे अर्ज गेला. त्यात गॅलरीतल्या बांगड्यांचा उल्लेख नव्हता. आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला अण्णा सांगत होते, "ब्रूनोचं निदान झालं. लाळेची ॲलर्जी." कुणाच्या लाळेची, हे कुणी विचारलं नाही.

परवा, तिसऱ्या आठवड्यात, मी त्यांच्याकडे चहाला गेलो. ब्रूनो शांत झोपला होता. वहीत त्या सकाळची नोंद होती : ४. अण्णा अर्जाचं स्मरणपत्र लिहीत होते आणि मधूनमधून वाकून पायमोजा खाली सरकवत घोट्याजवळ कराकरा खाजवत होते. तिथे बारीक लाल ठिपके उठले होते.

मी काही बोललो नाही. काकूही बोलल्या नाहीत, नुसत्या व्हॅक्यूम काढायला उठल्या.

"हल्ली ही तूरडाळ मला सोसत नाही," अण्णा म्हणाले, आणि वहीचं कोरं पान काढून रकाने आखू लागले.