भोपळ्याचं वजन

क्रेगीबर्नमध्ये लोककथा नाहीत, असं इथला कुठलाही मराठी माणूस छातीठोकपणे सांगेल. मेलबर्नच्या उत्तरेला पंचवीस-एक किलोमीटरवरचं हे उपनगर. २०२१च्या जनगणनेत वस्ती ६५ हजारांवर गेली, तरी पुष्कळ अंगणांतली झाडं अजून काठीला बांधलेली आहेत. भूत राहायचं म्हणजे पिंपळ हवा, पडका वाडा हवा, गेला बाजार एखादी ओसाड विहीर तरी हवी. इथे भुताला आधी बिल्डरकडून किल्ल्या घ्याव्या लागतील.

तरीही या गावाची चित्रं छापायची खोड मला लागली आहे. लिनोकट. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा एकत्र करून गोणपाटावर थापलेली चादर. लोक ती जमिनीवर घालतात, मी टेबलावर घेते. जुलैच्या थंडीत ती इतकी कडक होते की कोरणी घसरून थेट अंगठ्याकडे येते, म्हणून आधी इस्त्री फिरवून तिची मनधरणी करायची. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं आणि सगळं काही उलटं कोरावं लागतं. ‘क्रेगीबर्न’मधला रकार आणि रफार उलटे काढताना पहिलीच्या बाई आठवतात. छापायला यंत्र नाही. रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी डावाच्या पाठीने घोटत बसायचं. डाव स्वयंपाकघरातला होता. तो परत मागायचं धाडस आता घरात कुणी करत नाही.

पहिलं चित्र स्टेशनचं. २००७च्या सप्टेंबरात विजेची लोकल इथवर आली, आणि गाडीच्या कपाळावर शेवटचा थांबा म्हणून आमच्या गावाचं नाव झळकायला लागलं. मी त्या गाडीत विक्रम-वेताळ बसवले. विक्रमाच्या पाठीला लॅपटॉपची बॅग, बॅगेवर वेताळ. अट जुनीच: तोंड उघडलंस की मी चाललो परत. मुंबईच्या लोकलमध्ये विक्रम दादरलाच हरला असता, कारण चौथी सीट मागायला तरी बोलावं लागतंच. मेलबर्नच्या गाडीत शेजाऱ्याशी बोलायची पद्धत नाही. डोक्याची शकलं व्हायची भीती म्हणाल, तर कानात इअरफोन आहेत, त्यामुळे वेताळाचा प्रश्न त्याला ऐकूच आलेला नाही. राजा वेताळाला चक्क शेवटच्या थांब्यापर्यंत आणतो. चित्रात दोघं प्लॅटफॉर्मवर उभे आहेत आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नाही.

वाचनालयाचं चित्र करताना मात्र मी जरा हळवी झाले. इथल्या वाचनालयाच्या भिंती कुटलेल्या मातीच्या आहेत, तांबूस-पिवळ्या, थरावर थर दिसणाऱ्या. २०१४ साली डेन्मार्कच्या एका सरकारी संस्थेने जगातलं सर्वोत्तम सार्वजनिक वाचनालय निवडायला सुरुवात केली आणि पहिलाच मान क्रेगीबर्नला दिला. हे कळल्यावर मला आपला काऊ आठवला. पिढ्यान् पिढ्या आपण पोरांना घास भरवताना त्याची बदनामी केली: शेणाचं घर बांधलं, पाऊस आला, वाहून गेलं, बस ओरडत चिमणीच्या दारात. माझ्या चित्रात काऊ वाचनालयाच्या छपरावर बसलाय, चोचीत प्रशस्तिपत्र. खाली चिऊताई छत्री घेऊन उभी आहे आणि दार उघडायला सांगतेय. बाळाला न्हाऊमाखू घालून होईपर्यंत काऊ काही उघडणार नाही.

इथे माझ्या पहिल्या वाक्याची थोडी पंचाईत होते. ही जमीन वुरुंद्जेरी लोकांची, आणि त्यांच्या कथा आपल्या काऊ-चिऊपेक्षा कितीतरी जुन्या. वुरुंद्जेरी ज्यांच्यात मोडतात त्या, या भागातल्या कुलिन लोकांची दोन कुळं: एक बुंजिलचं, म्हणजे जग घडवणाऱ्या गरुडाचं, दुसरं वा नावाच्या कावळ्याचं. म्हणजे कावळ्याला इथे आधीपासूनच मानाचं पान होतं, अन्याय काय तो आपल्याकडेच झाला. बुंजिलला मी कोरत नाही. त्याची गोष्ट सांगणारे लोक आहेत, ते सांगतात. शहरात ब्रूस आर्मस्ट्राँग यांनी २००२ साली केलेला पंचवीस मीटर उंचीचा गरुड उभा आहे. त्याच्याकडे पाहिल्यावर तळहाताएवढा लिनो पुढे करायची छातीही होत नाही.

उत्तरेला थोड्या अंतरावर बेव्हरिज. आयर्लंडमध्ये दोन डुकरं चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर आलेल्या जॉन केलीने १८५९ मध्ये तिथे लाकडी घर बांधलं. त्याचा मुलगा नेड म्हणजे इथला सगळ्यात प्रसिद्ध दरोडेखोर. नांगराच्या लोखंडाचं चिलखत घालून पोलिसांशी लढला, १८८०त मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेला. सिडनी नोलनने त्याचं शिरस्त्राण म्हणजे नुसता काळा चौकोन रंगवला, आणि लिनोवाल्यांवर फार उपकार केले. चौकोन तसाच ठेवायचा, डोळ्यांपुरती एक फट कोरायची, झाला नेड. मी त्याच्या शेजारी उमाजी नाईक बसवला. मिशा कोरायला नेडच्या दसपट वेळ गेला. रविवारच्या बाजारात एका गोऱ्या आजोबांनी विचारलं, “हा कोण, तुमचा नेड?” म्हटलं, “आमचा आधीचा. १८३२.” आजोबांनी टोपी काढली.

चित्रं विकायला बसलं की असं होतं. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गातात. मला गाता येत नाही, पण सांगितल्याशिवाय सुटका नाही. गवताळ राखीव रानातल्या बिनपायांच्या सरड्याचं चित्र बघून प्रत्येक मराठी माणूस साप म्हणून मागे सरकतो. हा खरंच सरडा आहे, आणि रस्ते-वसाहती बांधताना त्याचा विचार करावा लागतो, हे पटवण्यात माझी निम्मी सकाळ जाते.

सगळ्यात जास्त खपतं ते म्हातारी आणि भोपळ्याचं चित्र. भोपळा इथलाच, क्वीन्सलँड ब्लू जातीचा: करड्या-निळ्या सालीचा, खोल खाचांचा, कोरायला सुरेख आणि चिरायला महाकठीण. म्हातारी लेकीकडून निघाली आहे, भोपळा ह्यूम हायवेने टुलामरीनच्या विमानतळाकडे गडगडतोय, वाघांच्या जागी कांगारू. पुढच्या चौकटीत भोपळा चेक-इनच्या काट्यावर चढलाय. म्हातारीसकट तोलायचा की म्हातारी वगळून, यावर काउंटरवरची मुलगी फोन करून वरिष्ठांना विचारतेय. लेक घाईघाईने भोपळ्यातून लोणच्याची बरणी बाहेर काढतेय.

परवा एक आजी बराच वेळ हे चित्र निरखत होत्या. सूनबाईंच्या बाळंतपणाला आलेल्या, पुढच्या आठवड्यात नागपूरला परतायच्या.

“चित्र छान आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण ही एवढी जाड कशी?”

“आजी, गोष्टच तशी आहे ना. लेकीकडे राहून, तूप खाऊन...”

“तूप कुठलं! रात्रीची जागरणं, सकाळी डबे, दुपारी बाळाची मालिश. चार किलो उतरले मी इथे येऊन.” मग पर्स उघडत म्हणाल्या, “दोन दे. एक विहिणीला देते, आता तिची पाळी आहे. आणि पुढच्या वेळी छापशील तेव्हा म्हातारी जरा बारीक कर, भोपळा सैल दिसला पाहिजे.”