अलोऱ्याहून मुंबई-दर्शन

अलोऱ्याचा माणूस पहिल्यांदा मुंबई बघायला गेला की त्याला आधी गेटवे दाखवतात. पंचम जॉर्ज 1911 साली मुंबईत उतरला, त्याची ही आठवण. पण कमान पुरी झाली 1924 साली. राजाच्या वाट्याला आला तो पुठ्ठ्याचा देखावा. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी वास्तू बांधली त्याला ती दिसली नाही, आणि पुढच्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी मात्र ती पाहिलीच पाहिजे, असा हा दंडक. मग संध्याकाळी मरीन ड्राइव्हचे दिवे. दिव्यांचं अप्रूप, तेही अलोऱ्याला! कोयना प्रकल्पाची वसाहत म्हणून वाढलेलं हे गाव. जवळच डोंगराच्या पोटात चौथ्या टप्प्याचं 1000 मेगावॅटचं वीजघर आहे; ते मात्र कोणी पाहुण्याला दाखवत नाही. कोणी म्हणेल, वीजघरात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि भुयारात बघायचं तरी काय? आक्षेप रास्त आहे. पण मग एखादी जागा प्रेक्षणीय ठरते ती समोर फोटोला मोकळं अंगण आणि शेजारी भेळवाला असतो म्हणून, एवढं तरी कबूल करावं. मुंबईकर या बाबतीत अधिक सरळ: तो दारातला समुद्र सोडून गुहागरला येतो, समुद्र बघायला.