वॉटरमार्क सरांस अनावृत पत्र

आदरणीय सर,


शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकलेली आपली चौथीची वजाबाकीची सराव पत्रिका मिळाली. धन्य झाले. पानाच्या खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत आपलं नाव, शाळा, तालुका आणि मोबाईल नंबर तिरका पसरलेला पाहून ऊर भरून आला. आपण तो फिकट निळ्या रंगात टाकला होता, पण आमच्या शाळेचा प्रिंटर फिकट जाणत नाही. त्यानं तो ठसठशीत करडा उमटवला. तिसऱ्या उदाहरणात ५०२ मधून १७८ वजा करायचे होते. आपल्या नंबरातला एक ९ नेमका शून्य आणि दोनाच्या मधे येऊन बसला. निम्म्या वर्गानं ५०९२ मधून १७८ वजा केले आणि उत्तर काढलं ४९१४. हातचा कुणीही चुकला नाही. मी सगळ्यांना बरोबरची खूण दिली. त्या उत्तरात थोडा वाटा आपलाही आहे, म्हणून कळवते.

शाब्दिक उदाहरणात मॉलमधला पिझ्झा होता. आमच्या वाडीत पिझ्झा कुणी खाल्लेला नाही. करवंदं मात्र पोरं स्वतः बाजारात विकतात. म्हटलं, तेवढा शब्द बदलावा. तर फाइलला कुलूप! मग सगळी पत्रिका मी फळ्यावर हातानं उतरवली. खडूला पासवर्ड लागत नाही, ही शिक्षण खात्याची ढिलाईच म्हणायची.

आपली पाढ्यांची पत्रिकाही संग्रही आहे. तिच्याखाली ‘सर्व हक्क राखीव’ असं ठळक छापलंय. सतरा चोक अडुसष्ट यावर आजवर कुणीच हक्क सांगितला नव्हता. पिढ्यानपिढ्या लोक ते फुकट वापरत आले. आपण वेळीच लक्ष घातलंत. शेजारचं आंब्याच्या झाडाचं चित्र बालभारतीच्या पुस्तकातलं आहे, हे मी ओळखलं, पण ग्रुपवर बोलले नाही. संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्या पुस्तकातलं काही घेता येत नाही, असं त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेलं असतं. तुम्ही परवानगी काढलीच असेल.

कायद्याची आवड आहे म्हणून थोडं वाचलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात नक्कल करायची मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी खटला भरला होता, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाचा आधार घेऊन विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छायांकित प्रती बेकायदा ठरवायला नकार दिला. म्हणजे माझा वर्ग सुरक्षित आहे. पण तुमची पत्रिका दुरुस्त करून मी शेजारच्या जिल्ह्यातल्या बाईंना पाठवली, त्यांनी ती आणखी कुठे चढवली, तर हे कलम किती लांब सोबत येईल? तिथे तुमच्या एका ओळीच्या परवानगीची गरज लागते. आणि कलम १७ वाचू नका. वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते, असं त्यात आहे. ‘सर्व हक्क राखीव’मधले हक्क जिल्हा परिषदेचे निघाले तर पंचाईत व्हायची.

आता चेष्टा पुरे. तुमचं दुखणं मला ठाऊक आहे. रात्र रात्र जागून पत्रिका करायची, आणि आठवड्यात ती दुसऱ्याच सरांच्या नावानं फिरत परत आपल्याच मोबाईलवर यायची. त्यांचं नाव नवोपक्रम स्पर्धेत झळकतं, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या प्रस्तावात तीच पत्रिका लागते. हा चोरटेपणा आहेच. पण तो वॉटरमार्कनं थांबला का? पासवर्ड काढणारी साइट पोरांनाही सापडते. अडकते ती प्रामाणिक बाई, जिला नुसता पिझ्झा काढायचाय. अडकतो तो पाड्यावरचा शिक्षक, ज्याला तुमची पत्रिका वारलीत किंवा कोरकूत करून घ्यायची आहे.

यावर उपाय शोधून झालेला आहे, आणि तोही फुकट. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यातला साधा परवाना सांगतो : वापरा, बदला, पुढे द्या, पण मूळ कर्त्याचं नाव द्या आणि काय बदललं ते सांगा. हक्क कर्त्याकडेच राहतो. नाव पुसणारा अट मोडतो, आणि तसं त्याला चारचौघांत सांगता येतं. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीविव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ याच परवान्यावर उभं केलं. तिथली गोष्ट कुणीही आपल्या भाषेत नेतं, गोंडीतसुद्धा, आणि लेखक-चित्रकारांची नावं गोष्टीबरोबर जातात. एनसीईआरटीचं मुक्त शैक्षणिक साहित्याचं भांडार त्याच्याही आधी, २०१३ मध्ये सुरू झालं. जनतेच्या पैशातून झालेल्या पाठ्यपुस्तकांची पीडीएफ बालभारती फुकट देते, हे उत्तम. पण उतरवून घ्यायला मुभा आणि त्यातला उतारा सराव पत्रिकेत घ्यायला संचालकांचं पत्र, हे त्रांगडंही सुटायला हवं. त्यांना वेगळं पत्र लिहीन. ते आवक-जावकमध्ये पडेल, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

तेव्हा सर, पुढच्या शिक्षण परिषदेला येताना पेनड्राइव्ह आणा. वर्डच्या फाइली द्या, आणि युनिकोडमध्ये द्या. तुमच्या जुन्या फॉण्टातलं मराठी आमच्या संगणकावर चिनी दिसतं. तळाला तुमचं नाव, शाळा आणि एवढीच ओळ असू द्या : ‘नाव ठेवून वापरा, बदला, पुढे पाठवा.’ करवंदांची उदाहरणं मी घालून परत पाठवते. ती तुमच्या पोरांना सोडवायला द्या.

आपली नम्र,
चौथीची वर्गशिक्षिका