लिंकसर

पुण्यातल्या बावधनच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपालांना नावाने कोणी ओळखत नाही. ते लिंकसर. त्यांना काहीही विचारा, उत्तर तोंडातून येत नाही. आधी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो, मग अंगठा मोबाइलवर फिरतो आणि आपल्या खिशात टिंग वाजतं. "पाठवलीय. वाचा. शंका उरली तर शेवटच्या पानावर माझा नंबर आहे."

अमेरिकेतल्या विद्यापीठांची ग्रंथालयं विषयवार ऑनलाइन मार्गदर्शिका करतात, हे सरांनी एका रिफ्रेशर कोर्समध्ये ऐकलं आणि त्यांची झोप उडाली. तिकडे २००७पासून त्यासाठी लिबगाइड्स नावाची विकतची सोय आहे. आमच्याकडे बजेट नाही, म्हणून गुगल साइट्स, लाल बाण आणि सर.

काम मात्र चोख. ग्रंथालयाच्या कोहा सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक कसं शोधायचं, ई-पुस्तकांच्या एन-लिस्टचा पासवर्ड विसरलात तर काय करायचं, सगळं पायरीपायरीने. प्रत्येक पायरीला स्क्रीनशॉट, प्रत्येक स्क्रीनशॉटला बाण आणि बाण दिसला नाही तर त्या बाणाकडे बोट दाखवणारा दुसरा बाण. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध प्रकरणागणिक सुट्या पीडीएफमध्ये असतो. तिथे सरांची ठळक टीप आहे : 'पहिलं प्रकरण उतरवून घेतलं म्हणजे प्रबंध वाचून झाला असं समजू नये.' ही टीप प्राध्यापकांसाठी आहे, असं प्राध्यापक सोडून सगळ्यांना वाटतं.

सरांच्या टेबलामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा फोटो आणि त्यांचे १९३१चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. वेळ कसा वाचवावा याची सरांची मार्गदर्शिका अडतीस पानी आहे.

परवा एका मुलीने कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक विचारलं. सरांनी लिंक पाठवली. ती तिसऱ्या पानावर पोचेस्तोवर आमच्या शिपाईमामांनी पुस्तक तिच्या हातात ठेवलंसुद्धा. सर कळवळले. "मामा, पोरांना स्वावलंबी होऊच देत नाही तुम्ही!" मामा म्हणाले, "सर, डावीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा. एवढंच होतं."

सरांची एकच मार्गदर्शिका तुफान चालली. चांदणी चौकातल्या नव्या रस्त्यांचं उद्‌घाटन १२ ऑगस्ट २०२३ला झालं. तोच दिवस रंगनाथन जयंतीचा, म्हणजे ग्रंथपाल दिनाचा. सरांना हा थेट वरून आलेला आदेश वाटला. त्या दिवसांत कोथरूडकडून निघालेला माणूस रॅम्प चुकला की बावधनऐवजी साताऱ्याच्या दिशेला लागायचा. सरांनी 'चांदणी चौकातून ग्रंथालयात कसे यावे' लिहिलं. अर्थात बाणांसकट. ते प्राचार्यांनी पुढे पाठवलं, सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरलं, डिलिव्हरीवाल्या पोरांनी जपून ठेवलं. आम्ही अभिनंदन करायला गेलो, तर सर खिन्न. "सगळे चौकातून बरोबर बाहेर पडतात हो. पण मंगल कार्यालयात जातात. ग्रंथालयात कोण येतंय?"

मार्गदर्शिका वाटण्यात मात्र त्यांचा हात सढळ. 'कोणीही घ्या, बदला, वापरा' असं प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलेलं. फक्त मूळ कर्त्याचा उल्लेख करा, एवढीच विनंती. यंदा एका दुसऱ्या कॉलेजने विनंती सोडून बाकी सगळं मान्य केलं. सरांची 'वाङ्मयचौर्य कसे टाळावे' ही मार्गदर्शिका त्यांनी अख्खी उचलली. वर त्यांचं बोधचिन्ह, खाली त्यांच्या ग्रंथपालांचं नाव, मधे सरांचे बाण. घाईत शेवटचं पान तपासायचं राहिलं. तिथे सरांचा मोबाइल नंबर तसाच.

आम्ही चवताळलो. यूजीसीचा २०१८चा नियम प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतो, इथे तर शंभर टक्के! तक्रार करा म्हणालो. सरांचे डोळे चमकत होते. "अहो, रंगनाथनांचा तिसरा नियम! प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. कोणीतरी शेवटपर्यंत वाचली असणार, त्याशिवाय का उचलली?"

"शेवटपर्यंत वाचली असती तर नंबर काढला असता," मामा म्हणाले.

आता तिकडची मुलं शंका विचारायला सरांना फोन करतात. सर त्यांना लिंक पाठवतात. हल्ली आम्हालाही तीच येते. उघडली तर वर त्या कॉलेजचं बोधचिन्ह. "सर, ही तर त्यांची!" म्हटलं, तर सर शांतपणे म्हणाले, "मजकूर आपलाच आहे. त्यांची साइट लवकर उघडते. चौथा नियम."